प्लेटमधला बर्फ

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सिद्धेश किणीकर बँकेच्या इंदिरा नगर शाखेत आपल्या टेबलाशीच कोसळला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला. वय त्रेचाळीस. त्याची बायको ऋता तेव्हा शहराबाहेर, मलिहाबादच्या अलीकडे आंब्याच्या बागांना लागून असलेल्या एका कंपनीच्या चाचणी-शेडपाशी होती. पाइपांमधून द्रवरूप नायट्रोजन वाहत होता. फोन ऐकून तिने तो खिशात ठेवला. कुठला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा आणि कुठला नंतर, हे सहकाऱ्याला, समीरला, नीट समजावून सांगितलं. हातमोजे काढून जागेवर ठेवले आणि मग म्हणाली, "समीर, मुझे जाना होगा. सिद्धेश नहीं रहा."

पुढे ऑफिसातल्या लोकांनी ही गोष्ट एकमेकांना पुष्कळदा सांगितली. किती धीराची बाई आहे, म्हणाले. ऋताला त्यात धीर वगैरे काही दिसत नव्हता. व्हॉल्व्ह बंद करायला हवे होते, ते तिने सांगितले.

रडू तिला तेव्हाही आलं नाही आणि नंतरही आलं नाही. सिद्धेशची आई, शुभदाबाई, कराडहून आल्या तेव्हा ऋताने त्यांना दारातून आत घेतलं, पाणी दिलं, त्यांची बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली. दिवसकार्य झालं. लखनौमधली चार-सहा मराठी कुटुंबं अलीगंजच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येऊन बसून गेली. बायका तिचा हात हातात घेत आणि ती त्यांच्या हाताकडे बघत राही. बँकेची, विम्याची कामं तिने एकेक करून उरकली. आठवीतल्या जुईची शाळा सुरू झाली तेव्हा वह्यांना कव्हरं घातली. महिनाभराने ती कामावर परत गेली. निगमसाहेबांनी, म्हणजे तिच्या वरिष्ठांनी, "अभी और रुक सकती थीं आप," असं म्हटलं, तर ती म्हणाली, "घर पर क्या करूँगी?"

ते खरंच होतं. घरी शुभदाबाई होत्या आणि घर त्या बघत होत्या. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई, घर हाताळायला तिला कुणाची मदत लागत नसे. दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत. दूध आलं का, गॅस संपत आलाय, जुईची फी भरली. ऋता ताटात पडेल ते जेवायची. रात्री झोपायची, सकाळी उठायची. स्कूटरवर सिग्नलला थांबली की दिवा हिरवा झालेला तिला मागच्या हॉर्नमुळे कळायचा.

कामात मात्र तिची चूक होत नव्हती.

रॉकेट उड्डाणाच्या चौथऱ्यावर उभं असतं तेव्हा ते जमिनीशी जोडलेलं असतं. अतिथंड इंधन, दाबाखालचा वायू, वीज, संगणकाचे संदेश हे सगळं शेवटच्या क्षणापर्यंत त्याला जमिनीकडून मिळत असतं. या सगळ्या नळ्या आणि तारा एका जाड धातूच्या प्लेटमध्ये येऊन संपतात. तशीच एक प्लेट रॉकेटच्या अंगावर असते. दोन्ही एकमेकींवर घट्ट बसतात, आणि रॉकेट उचलायच्या क्षणी जमिनीकडची प्लेट सुटून मागे यावी लागते. आधी सुटली तर उड्डाण रद्द, नंतर सुटली तर रॉकेटच्या अंगाला फाडून नेणार. एकदाच उडून समुद्रात पडणाऱ्या रॉकेटला हे एकदाच जमलं की भागतं. पण ऋताच्या कंपनीचं गिऱ्हाईक असलेल्या दक्षिणेतल्या एका नव्या कंपनीला परत उतरणारं रॉकेट करायचं होतं. वर जाऊन, तापून, काजळी खाऊन ते खाली येणार, आणि तीच प्लेट त्याला पुन्हा जोडायची, पुन्हा सोडायची. पुन्हा आणि पुन्हा. ती प्लेट, तिचं कुलूप आणि ती मागे खेचणारा हात ऋताने आणि समीरने मिळून गेली दोन वर्षं घडवलं होतं.

एप्रिल-मेमध्ये, बाहेर लू, म्हणजे उन्हाळ्यातला कोरडा गरम वारा, वाहत असताना, प्लेट प्रत्येक वेळी सुटली. जुलैत पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली आणि प्लेट अडकायला लागली. दर वेळी नाही. मधूनच.

"जो चीज़ हर बार फँसे, वो ठीक हो जाती है," समीर म्हणाला होता. "ये कभी-कभी वाली जान ले लेगी."

ऑगस्टमध्ये सिद्धेशचा धाकटा भाऊ प्रसाद पुण्याहून आला. रविवारी संध्याकाळी चहा झाल्यावर त्याने विषय काढला.

"वहिनी, आईनं इथं किती दिवस राहायचं? तुम्ही सकाळी जाता ते सात वाजता येता. जुई शाळेत, मग क्लासला. ही दिवसभर एकटी. ओळखीचं कुणी नाही, धड भाषा येत नाही."

"हिंदी येते मला," शुभदाबाई म्हणाल्या. "भाजीवाल्याशी रोज भांडते."

"आई, तसं नव्हे. तुला तिकडे तुझी माणसं आहेत. डॉक्टर ओळखीचा आहे." तो ऋताकडे वळला. "मी शुक्रवारची तिकिटं काढलीत. तुम्हाला विचारून काढायला हवी होती, पण रजा तेवढीच मिळाली."

"बरं," ऋता म्हणाली.

प्रसाद पुढे झुकला. "बरं म्हणजे? तुम्हाला काय वाटतं?"

"आईंना जायचं असेल तर जाऊ देत."

शुभदाबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, कप गोळा केले आणि आत गेल्या. आतल्या खोलीतून जुईचा आवाज आला, "आजी जा रही हैं क्या?" स्वयंपाकघरातून नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आपल्याला काय वाटतं, याचा ऋताने त्या रात्री विचार करून पाहिला. सासूबाई गेल्या तर सकाळचा डबा आपल्याला करावा लागेल, जुईला क्लासहून आणायला कुणीतरी बघावं लागेल, एवढंच मनात आलं. त्यापुढे काही नव्हतं.

मंगळवारी चाचणी होती. गिऱ्हाइकाची माणसं पुढच्या आठवड्यात येणार होती आणि त्यांच्यासमोर प्लेट सलग वीस वेळा जोडून सोडून दाखवायची होती. निगमसाहेबांना त्याआधी खात्री हवी होती.

शेड तीन बाजूंनी बंद होतं, चौथ्या बाजूला दार. धूळ आणि पाऊस आत येऊ नये म्हणून ते तसं बांधलेलं. आत एका उभ्या रुळावर रॉकेटकडची प्लेट बसवलेली होती; बटण दाबलं की ती रॉकेटसारखी वर झेपावायची. खऱ्या रॉकेटात भरतात तो द्रवरूप प्राणवायू धोक्याचा, म्हणून चाचणीसाठी द्रवरूप नायट्रोजन वापरत. तो तितकाच थंड आणि आग न धरणारा. पण त्याचाही एक धोका होता. गळाला की त्याची वाफ होते आणि ती वाफ बंद जागेतला प्राणवायू बाहेर ढकलते. नायट्रोजनला वास नसतो. गुदमरल्यासारखं होत नाही. माणूस दोन-तीन श्वास घेतो आणि खाली बसतो, त्याला काही कळतसुद्धा नाही. नव्या मुलांना हे शिकवायचं काम ऋताकडेच होतं. शेडच्या दारावर दिवा होता. आतला प्राणवायू पुरेसा असेल तर हिरवा, नाहीतर लाल. लाल असताना आत जायचं नाही, जायचंच असेल तर पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मास्क लावून, आणि तेही दोघांनी मिळून.

सकाळच्या पहिल्या काही फेऱ्या नीट झाल्या. मग एका फेरीत कुलूप उघडलं, पण प्लेट सुटली नाही. रुळावरची प्लेट वर झेपावली आणि जमिनीकडची प्लेट तिला चिकटून हातभर वर गेली. तिला मागे खेचणारा हात वाकडा झाला. मग कडाका झाला, प्लेटा अलग झाल्या, आणि एका नळीचा जोड तडकून पांढरा फवारा बाहेर आला. नियंत्रण-खोलीच्या काचेतून दिसलं तेवढं एवढंच. नंतर सगळं शेड ढगाने भरलं. समीरने मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. दारावरचा दिवा लाल झाला.

"बैठिए, मॅम. आधा घंटा तो लगेगा," समीर म्हणाला आणि निगमसाहेबांना फोन लावायला वळला.

ऋता बसली नाही. ती खोलीतून बाहेर पडली, आवार ओलांडून शेडच्या दारापाशी गेली. ढग विरळ होऊन जमिनीलगत उतरला होता आणि त्याच्या वर दोन्ही प्लेटा स्वच्छ दिसत होत्या. जमिनीकडच्या प्लेटच्या आतल्या कडेला, जिथे कधीच काही दिसायला नको तिथे, बर्फाचं एक पांढरं कडं होतं. दार उघडं होतं. दिवा लाल होता. ती आत गेली.

बर्फ खालच्या बाजूला जाड होता. चंद्रकोरीसारखा. वर जवळजवळ नव्हताच. म्हणजे पाणी ओघळून खाली साचलं आणि तिथे गोठलं, असं तिच्या मनात आलं. ते आणखी नीट बघायला ती वाकली. वाकली, की तिचे गुडघेच गेले, हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. पुढची आठवण अशी की कुणीतरी तिच्या जाकिटाची कॉलर मागून धरली आहे आणि तिच्या टाचा काँक्रीटवरून फरपटत आहेत.

बाहेर, उघड्यावर, समीर तिच्या शेजारी जमिनीवर बसला होता. मास्क घालायलाही तो थांबला नव्हता, नुसता श्वास रोखून आत धावला होता. त्याला दोन वर्षांची मुलगी होती. ऋताला ते माहीत होतं, मुलीच्या वाढदिवसाला ती आणि सिद्धेश गेले होते.

त्याने शेडकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "कैमरा लगा है अंदर. आपने ही लगवाया था."

"हाँ."

"फिर?"

ऋता उठून बसली. ती म्हणाली, "बर्फ़ नीचे की तरफ़ ज़्यादा है, समीर. पानी नीचे जमा हो रहा है."

समीरने तिच्याकडे पाहिलं. उठला, कपडे झटकले आणि सरळ निगमसाहेबांच्या केबिनकडे चालत गेला.

कंपनीच्या डॉक्टरने तिला तपासलं. काही झालेलं नव्हतं. निगमसाहेब रागावले नाहीत, त्यांनी फक्त आवाज खाली आणून सांगितलं की यापुढे त्यांनी सांगेपर्यंत तिने शेडच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. "आप घर जाइए. समीर छोड़ आएगा."

दुबग्ग्यापासून आयआयएम रोडने अलीगंजपर्यंत समीर नजर रस्त्यावर ठेवून गाडी चालवत होता. रस्त्याकडेला पाणी साचलं होतं आणि त्यात म्हशी बसल्या होत्या. घरापाशी ऋता म्हणाली, "मैं चली जाऊँगी ऊपर." तो तरीही गाडी लावून तिच्या मागोमाग जिना चढला.

दार शुभदाबाईंनी उघडलं. प्रसाद आत लॅपटॉप घेऊन बसला होता. समीर उभ्यानेच बोलला. काय झालं, दिवा कसला होता, त्याचा अर्थ काय, सगळं त्याने त्यांना सावकाश, सोप्या हिंदीत सांगितलं. "आंटी, ये सब इन्हें मुझसे ज़्यादा मालूम है. इसीलिए आपको बता रहा हूँ." पाणीही न घेता तो गेला.

प्रसाद उठून उभा राहिला होता. "म्हणूनच मी म्हणत होतो," त्याने सुरुवात केली.

"प्रसाद, जुईचा क्लास सुटायची वेळ झालीय," शुभदाबाई म्हणाल्या. "तिला घेऊन ये. चालत जा."

तो गेल्यावर त्यांनी दार लावलं. ऋता सोफ्यावर बसली होती. त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या, मांडीवर हात ठेवून, वर्गात एखाद्या मुलीला थांबवून घेतल्यासारख्या.

"लाल दिवा दिसला होता तुला?"

"हो."

"मग?"

ऋताने आठवून पाहिलं. "दिसला. पण तो माझ्यासाठी आहे असं वाटलं नाही."

"मरायचं होतं?"

"नाही." तिला हे खरं सांगायचं होतं, म्हणून ती थांबून थांबून बोलली. "तसं काही मनात नव्हतं. मनात काहीच नव्हतं, आई. मार्चपासून नाहीये. मला वाटलं होतं येईल काहीतरी. तुम्ही शुक्रवारी जाणार म्हणता, त्याचंही मला काही वाटलं नाही. वाटायला पाहिजे हे कळतं."

बाहेर कबाडीवाल्याची हाक जवळ आली आणि लांब गेली.

"मी इतके महिने तुझ्याकडे बघत बसलेय," शुभदाबाई म्हणाल्या. "मला वाटलं होतं ही एकदा रडेल, मग मलाही रडता येईल. घरातली मोठी मी. आधी मी कशी रडू, पोरीसमोर, तुझ्यासमोर. तू रडेनास आणि मी वाट बघत राहिले. आपण दोघी बसलोय अशा." त्यांचा आवाज एकदाही हलला नाही. "मी शुक्रवारी जात नाही."

"माझ्यासाठी थांबू नका."

"तुझ्यासाठीच थांबतेय. दुसऱ्या कुणासाठी थांबू?"

ऋताने मान हलवली. तिला हायसं वाटलं असंही नाही. पण आपण जे बोललो ते ऐकून समोरचं माणूस घाबरलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

"आणि जुईला तू सांगायचंस," शुभदाबाई उठता उठता म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाकडून कळायला नको तिला. आजच."

ऋताने सांगितलं. जेवणं झाल्यावर जुईच्या पलंगाच्या कडेला बसून, शाळेत शिकवतात तसं, नायट्रोजन म्हणजे काय इथपासून. जुईने ऐकून घेतलं.

"तो आप अंदर क्यों गईं?"

"माहीत नाही गं."

"ये कोई जवाब नहीं हुआ, मम्मी."

"हो. नाही झालं."

जुई भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवसापासून दुपारी ऋताच्या फोनवर तिचा निरोप यायला लागला. "खाना खाया?" एवढाच. ऋता उत्तर देईपर्यंत तो पुन्हा पुन्हा येई.

प्रसाद शुक्रवारी एकटाच गेला. आईचं तिकीट त्याने कुरकुरत रद्द केलं होतं. निघताना जिन्यात थांबून तो म्हणाला, "वहिनी, मला राग नाही आलेला. पण दादा गेल्याचा फोन आला होता ना, तसा आणखी एक फोन यायला नको. बाकी काही नाही." ऋता म्हणाली, "हं." तो खाली गेला, आणि गाडीत बसताना त्याने चष्मा काढून डोळे पुसले ते तिने गॅलरीतून पाहिलं.

शुभदाबाईंनी शेजारच्या पांडेबाईंना विचारून एक डॉक्टर शोधून काढली. अलीगंजमध्येच होती, मिठाईच्या दुकानावर तिचा दवाखाना होता. पहिल्या दिवशी त्या स्वतः बरोबर आल्या आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. डॉक्टरने झोप, भूक, काम यांच्याबद्दल विचारलं. सिद्धेशबद्दल विचारलं. तो काय काय खायचा, कशावरून चिडायचा. ऋताने सगळ्याची उत्तरं दिली. डॉक्टरने एक छोटी गोळी लिहून दिली आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. "जल्दी कुछ नहीं होगा," ती म्हणाली. हे ऋताला पटलं.

ऑफिसात तिने खुर्ची सोडायची नाही असं ठरलं होतं. ती संगणकावर कॅमेऱ्याची चित्रं बघत बसायची. तिने आत जाऊन पाहिलेलं सगळं त्यात होतं. कडं, कोर, खालचा जाड भाग, आणि तिने पाहिलं त्याहूनही स्पष्ट. मग चित्रातच पांढऱ्या ढगातून ती स्वतः आत येते, वाकते. तिथून पुढचं ती बघत नसे. एकदा मात्र तिने शेवटपर्यंत पाहिलं. चित्रातली बाई वाकत नव्हती. ती खाली जात होती.

समीर कामापुरतंच बोलत होता. आठवडाभराने तो तिच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसला.

"मुझसे नाराज़ हो?" तिने विचारलं.

"नाराज़ नहीं हूँ. डर गया था." तो टेबलावरच्या, मापं घ्यायच्या कॅलिपरशी चाळा करत होता. "घर जाके बताया तो बीवी ने दो दिन बात नहीं की. बोली, बिना मास्क के घुसे कैसे, बच्ची का ख़याल नहीं आया? मैंने कहा, नहीं आया. सच में नहीं आया."

"सॉरी, समीर."

"सॉरी मत कहिए. बत्ती देखिए अगली बार." मग त्याने खुर्ची आणखी जवळ घेतली. "अच्छा, वो नीचे वाला बर्फ़ दिखाइए."

दोघांनी मिळून ते सोडवलं. फेरी संपली की थंडगार प्लेट दमट हवेत उघडी पडते आणि तिच्यावर दव जमतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जमतं तसं. त्या ओल्या प्लेटवरच दुसरी बसवली की पाणी दोन्हींच्या मध्ये अडकतं. मग पाइपातून नायट्रोजन आला की त्या पाण्याचा बर्फ होतो आणि प्लेटा एकमेकींना धरून बसतात. उन्हाळ्यात हवा कोरडी होती, दव नव्हतंच. ते दोघं ज्या यशावर खूश होते ते सगळं कोरड्या हवेतलं होतं. आणि रॉकेट उडणार होतं समुद्रकाठावरून.

उपाय अवघड नव्हता. प्लेटा जोडण्याआधी दोन्हींवर कोमट कोरडा वायू फुंकायचा, आणि खालच्या कडेला पाणी निथळून जाईल अशी एक बारीक खाच ठेवायची. खाच कुठे आणि किती खोल, याला मात्र तीन आठवडे गेले. निगमसाहेबांनी गिऱ्हाइकाला फोन करून तारीख पुढे ढकलली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः येऊन खाच बघून गेले. शेडची मागची भिंतही त्यांनी अर्धी काढायला लावली, वाफ कोंडू नये म्हणून.

सप्टेंबर संपत आला तरी उमस गेली नव्हती. चाचणीच्या दिवशी समीरने आणखी एक केलं. प्रत्येक फेरीनंतर दोन्ही प्लेटांवर मुद्दाम पाणी मारलं. ऋता नियंत्रण-खोलीत, काचेमागे बसली होती. गिऱ्हाइकाची दोन माणसं मागे उभी होती. प्लेट सुटली. परत जोडली, परत सुटली. दुपारचा चहा आला आणि निवून गेला. शेवटची फेरी झाली तेव्हा मागे टाळ्या वाजल्या, निगमसाहेबांनी कुणाचा तरी हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. ऋताने आकडे सेव्ह केले. जुईचा निरोप आला होता, त्याला उत्तर दिलं.

"चलिए, मॅम, देख लीजिए," समीर म्हणाला. "साहब ने कहा है आज जा सकती हैं."

ती त्याच्याबरोबर आवार ओलांडून गेली. दिवा हिरवा होता. काढलेल्या भिंतीतून बागेकडचा वारा सरळ आत येत होता. दोन्ही प्लेटा कोरड्या होत्या. समीर आत शिरला आणि मागे वळून बघतो तर ती उंबऱ्यापाशीच उभी होती.

तिची नजर आतल्या जमिनीवर होती. ते काँक्रीट, ती जागा, आपण इथे पडलो होतो, इथेच राहिलो असतो, जुई क्लासमधून आली असती आणि दारात प्रसाद उभा असता. हे सगळं तिला माहीत होतं, महिनाभर माहीत होतं. आता ते अंगात उतरलं. तिने दाराची चौकट धरली.

"मॅम?"

"तुम देख लो," ती म्हणाली. "मुझे डर लग रहा है."

समीरने मान डोलावली. त्याने दोन्ही प्लेटांचे फोटो काढले, बाहेर आला आणि ती चौकट सोडेपर्यंत शेजारी थांबला.

त्या संध्याकाळी ती स्कूटर हळू चालवत घरी आली. शुभदाबाई ओट्याशी पोळ्या लाटत होत्या. जुई सोफ्यावर पाय पसरून, इतिहासाचं पुस्तक पोटावर ठेवून पडली होती.

"आज सगळं नीट झालं," ऋता म्हणाली. मग चप्पल काढून तिथेच उभी राहिली. "आई, आज मला भीती वाटली. दिवा हिरवा होता, तरी आत जाता आलं नाही."

शुभदाबाईंनी लाटणं थांबवलं. "अजून वाटतेय?"

"थोडी."

"बरं." त्यांनी गॅस बारीक केला. "बस जरा. पोळी वाढते गरम."

ऋताला रडू आलं नाही. पण रोजच्यासारखी ती आतल्या खोलीतही गेली नाही. तिथेच, सोफ्याच्या कडेला बसली. जुईने पुस्तकातून नजर न काढता पाय आवरून घेतले आणि तिला जागा करून दिली.